गॅलरीतली हैमवती

९ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. विषय एकच, रास्पबेरी. इतर मजकूर लिहायचा नाही.
काल स्वरालीचा डंडीहून फोन. डंडी हे स्कॉटलंडमधल्या एका गावाचं नाव आहे, त्याला माझा इलाज नाही. आमची कन्या तिथं संशोधन करते. ऑगस्टमध्ये गणपतीला येईल, तेव्हा तिथलीच नोकरी धरायची की घरी परतायचं ते ठरवणार आहे. बोलता बोलता म्हणाली, बाबा, इथं रास्पबेरी काय मस्त मिळते, आपल्याकडं कुठली मिळायला. फोन ठेवला आणि रास्पबेरीची दोन रोपं ऑनलाइन मागवली. ड्वार्फ जात, कुंडीत येते.
दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.

१५ फेब्रुवारी
पार्सल आलं. दोन काटक्या. दीपमालानं (आमच्या सौ.) विचारलं, सरपण मागवलंत का. दुर्लक्ष केलं. गॅलरीत दोन कुंड्या, लाल माती, शेणखत, कोकोपीट. पाकिटावर लिहिलंय, थंड हवामान आवश्यक. आज आमच्या उस्मानपुऱ्यात सकाळी दूध आणायला जाताना मी स्वेटर घातला होता. झालं तर मग.

२ मार्च
फुटवा आला. हिरवा, पेराएवढा.
ड्वार्फ रास्पबेरी हे नाव संस्कृतच्या मास्तराच्या घरात शोभत नाही. ड्वार्फ म्हणजे खर्व, पण खर्व म्हटलं की खोकल्यासारखं वाटतं. हिच्या नात्यातली झुडपं हिमालयात उगवतात असं वाचलं. हिमवतापासून हैमवती. तद्धितरूप निर्दोष. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला, खाली लिहिलं: आमच्या गॅलरीत हैमवतीचं आगमन. भरपूर अंगठे आले. तीन जणांनी बाळ-बाळंतीण कशी आहे असं विचारलं.

३ मार्च
वरच्या मजल्यावरच्या साळूबाई बघायला आल्या. मूळच्या वैजापूरच्या. मुलगा इंद्रजीत वाळूजला कंपनीत आहे, म्हणून या इथं. चष्मा वर करून म्हणाल्या, सर, ही करवंदाची जात हाय व्हय. म्हटलं, नाही, हिमालयातली. म्हणाल्या, मंग पोथीत असंल की. म्हटलं, असणारच.
हे असत्य नाही. अनुमान आहे. अनुमान हे प्रमाण मानलेलं आहे.

२० एप्रिल
बेचाळीस अंश. पानांच्या कडा तपकिरी झाल्या. शरद ऋतूतला मोहक रंग एप्रिलमध्येच आला, एवढंच म्हणता येईल.
कूलरचं तोंड गॅलरीकडं फिरवलं. दीपमाला म्हणाली, अहो, आत माणसं वाळत घातलीत. तिला सांगितलं, जूनपर्यंतचा प्रश्न आहे. ती म्हणाली, कुणाच्या.

१० मे
वाळ्याचा पडदा लावला. शिवाय दुपारी दोन्ही कुंड्यांत एकेक ट्रे बर्फ. दीपमालाची तक्रार: पाहुण्यांच्या सरबतात बर्फ नाही आणि झुडपाला अभिषेक. साळूबाई जिन्यातून बघत होत्या. म्हणाल्या, आमच्याकडं जावयाचं बी एवढं नाय करत, सर.
नळाला पाणी यायला अजून अवकाश. टाकीच्या तळातलं कुंड्यांना दिलं. माझी आंघोळ ऐच्छिक ठेवली आहे.

१५ जून
दीपमाला स्वयंपाकघरात दार लावून स्वरालीशी बराच वेळ बोलली. बाहेर आली तेव्हा मी बर्फ घालत होतो. तिनं दुसरा ट्रे स्वतः आणून दिला. मला म्हणाली, घाला, घाला.
मतपरिवर्तन. सातत्यापुढं विरोध टिकत नाही.

२० जुलै
एक काटकी विश्रांती घेत आहे. बुंध्याशी वाकवली तर कट्‌ असा आवाज आला. गाढ विश्रांती.
दुसरीला मात्र कळ्या. पांढऱ्या, लाजऱ्या. हे एका तपस्विनीचं दोन कुंड्यांतलं रूप आहे असं मी मानतो.

१० ऑगस्ट
फळं धरली. पाच. जॅमचा विचार होता, तूर्त सोडला. बुलबुल येऊ नयेत म्हणून जुन्या सीडी टांगल्या. त्यात लग्नाचीही सीडी गेली, हे दीपमालाला अजून कळलेलं नाही.
ग्रुपवर: हैमवती फलवती. इच्छुकांनी दर्शनाला यावे.
इच्छुक पुष्कळ आले. साळूबाईंनी कुंडीला हात लावून नमस्कार केला. नमस्कार कुणी करत असेल तर अडवू नये.

२४ ऑगस्ट
एक लाल झालं. बाकीची वाटेवर. योजना अशी: चतुर्थीला आरती, मोदक, आणि मग चांदीच्या वाटीत रास्पबेरी. मी काही बोलणार नाही. स्वराली खाईल. एक क्षण थांबेल. पुढचं तिचं तिला उमजेल. तरी समजा न उमजलं, तर दोन वाक्यं तयार ठेवली आहेत. दुसऱ्या वाक्यात विद्यापीठातल्या जागेचा ओझरता उल्लेख आहे.

२६ ऑगस्ट, हरितालिका
सकाळी चिकलठाण्याच्या विमानतळावर. स्वराली वाळली आहे. रिक्षात मी हवामान सोडून काही बोललो नाही. मोठा संयम.
घरी आलो, बॅग ठेवली, गॅलरीत गेलो. कुंडीत नुसती काटकी. पान नाही, फळ नाही. बुंध्याला हळदकुंकू, शेजारी सुपारी, मातीत खोचलेली उदबत्ती.
दीपमाला म्हणाली, साळूबाई आणि बायका पत्री न्यायला आल्या होत्या. हरितालिकेला महादेवाला तऱ्हतऱ्हेची पानं वाहायची असतात. पार्वतीचं व्रत, त्यात पार्वतीच्याच नावाचं झाड दारात. मी नाही कसं म्हणू. नाव तुम्हीच ठेवलंत. म्हटलं, पण फळं. ती म्हणाली, साळूबाई म्हणाल्या, सरांनीच लिवलंय, फलवती, मंग फळासकटच पायजे. आणि पोथीत आहे असंही तुम्हीच सांगितलंत म्हणे.
सकाळपासून तिच्या पोटात पाणी नव्हतं. निर्जळी उपास करणाऱ्या बाईशी वाद घालता येत नाही.
खाली हॉलमध्ये पूजा दरवर्षी मीच सांगतो. वाळूची पिंड मांडलेली, बायका बसलेल्या, स्वरालीही आईच्या शेजारी. बेलपत्राच्या आधी साळूबाईंनी ताट पुढं केलं. म्हणाल्या, सर, ह्ये तुमचं पयलं घ्या. सगळ्यांच्या हातात एकेक पान होतं.
हैमवतीपत्रं समर्पयामि, असं मी म्हटलं. उच्चार स्वच्छ होते.
लाल फळ पिंडीच्या माथ्यावर ठेवलं होतं. वर कुंकू. उपासामुळं तिकडं खाण्याच्या नजरेनं कुणी पाहिलं नाही. अपवाद मी.
पुढच्या वर्षी नावच ठेवायचं नाही.

२७ ऑगस्ट
उत्तरपूजा झाली. पिंड, पत्री, सगळं बादलीत विसर्जित. बादलीत वाकून पाहिलं. फळं ओळखू येण्याच्या स्थितीत नव्हती.
मोदक झाले. चांदीची वाटी कपाटातच राहिली.

३० ऑगस्ट
आज स्वरालीला सहज सांगितलं की रास्पबेरी लावली होती. ती म्हणाली, कळलं, आईनं बर्फाचे फोटो पाठवले होते. हसली. मग म्हणाली, बाबा, तिथं मी संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या वेळी किंमत उतरलेला रास्पबेरीचा डबा घेते, आंबट असतात, दह्यात घालून खाते. पुढं म्हणाली, नोकरी घेतली आहे. जूनमध्येच. तुम्ही त्या झाडात इतके रमला होतात की आई म्हणाली, आल्यावर सांग.
मी बरं म्हटलं. दोन तयार वाक्यांपैकी एकही इथं बसत नव्हतं.
नंतर ती माझ्याजवळ खाली बसली आणि फोन पुढं केला. तिथल्या खोलीत खिडकीपाशी तिनं कढीपत्ता लावलाय. इथल्यासारखी फोडणी व्हावी म्हणून. शेजारी हीटर ठेवलाय, वरून दिवा सोडलाय, कुंडीला जुना स्वेटर गुंडाळलाय. काटकी आणि चार पानं. पानंही पिवळी. तिनं विचारलं, बाबा, येईल ना हो हा.
मी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. म्हटलं, येईल, हा बघ इथं फुटवा आहे.
फुटवा नव्हता.