बाटका तवा

अप्पा, काल मी झोपले नाही. आज अकरा वाजता पोरीला वजनावर ठेवणार आहेत, म्हणून. तुमची नात. तीन वर्षांची होईल आता. तिच्या काळजात जन्मापासून भोक आहे. जास्त रडली की ओठ निळे पडतात. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, दहा किलो भरली की लगेच दाखल करून घेऊ, त्याआधी ऑपरेशन नाही. कमी भरली तर परत थांबायचं, आणि थांबायला तिच्यात किती दम आहे ते मला जिना चढताना दिसतं. पुरी भरली तर तिची छाती उघडणार. पडल्यापडल्या मी दोन्हीकडून विचार केला, दोन्हीकडून भीतीच निघाली. उजाडलं तशी उठले, चहा केला आणि ही वही घेतली. सातवीत शाळा सुटली, लिहायची सवय नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

ती खातच नव्हती, अप्पा. दोन घास भात, की तोंड फिरवलं. खातानासुद्धा तिला धाप लागते. मागच्या खेपेला बाई म्हणाल्या, "अम्मा, थोडंच खाते ना, मग त्या थोड्यातच सगळं घाल. लोणी घाल, चीज घाल, अंडं, मटण, काय खाईल ते. मीठ मात्र स्वल्प." राजाजीनगरला घरी परत येताना बसमध्ये ती मांडीवर झोपली होती, आणि मला एकदम तुमचा सोमवार आठवला.

सोमवारी क्लबचं किचन बंद, तुम्हाला तिथल्या स्वयंपाकातून सुट्टी. तुम्ही गच्चीवर शेगडी पेटवताय, अंगात बनियन, खांद्यावर क्लबचा फडका. हॅम म्हणजे डुकराचं मटण, ते आई खाली देवाजवळ येऊ देत नाही. तिनं एक जुना भाकरीचा जाड तवा तुमच्यापुढे आपटलाय. "हा घ्या, बाटका. परत माझ्या स्वयंपाकघरात यायचा नाही." तुम्ही हसताय. म्हणताय, "क्लबात ह्याच्यासाठी अख्खं मशीन आहे, वरून जाळ देणारं. आपल्याला तुझा तवा पुरतो." मग पावाचे दोन तुकडे लोण्यावर भाजायचे. मध्ये राईचं मस्टर्ड बोटभर, हॅम, चीज. वरून ते पांढरं दाटसर, लोणी-मैदा-दुधाचं, त्यात जायफळ किसून. त्याच्यावर परत चीज. आणि तवा निखाऱ्यावर लाल होईपर्यंत तापवून, ओल्या फडक्यानं पुसून, जाळ लागलेली बाजू खाली करून पावावर धरायचा. टेकवायचा नाही, नुसता धरायचा. दोन्ही हातांत सांडशी घेऊन तुमचा लेक, अण्णा, धरायचा, तोंड बाजूला वळवून. तवा धरणं त्याचंच काम, माझ्याकडे दूध. फ्रेंच लोकांचं काय ते नाव तुम्ही सांगायचात, मला लिहिता येत नाही. आम्ही सोमवारचा पाव म्हणायचो.

मी एकदा सगळं दूध एकदम ओतलं आणि गुठळ्या झाल्या. तुम्ही ओरडला नाहीत, पण पातेलं माझ्या हातातून काढून घेतलंत, ते मला ओरडण्यापेक्षा लागलं. म्हणालात, "दूध काय मोरीत ओततेस? पीठ घाबरतं अशानं. एक पळी दे. पितं का बघ. प्यालं की दुसरी." आणि पुढच्या वेळी खरंच तसं झालं. पळीपळीनं देता देता ते चिखलासारखं पीठ एकदम मऊ झालं, चमकायला लागलं, पळीच्या पाठीला चिकटून राहिलं. मी तोंड उघडं टाकून बघत बसले. त्यात काही नव्हतं, अप्पा. आपल्याच घरातलं पीठ, आपल्याच घरातलं दूध. आई शेवटच्या पायरीवर पदर नाकाला लावून उभी असायची. "साहेब लोक हे खातात होय. म्हणूनच लाल होतात." पण जायची नाही. वरचं चीज फुगून त्याच्यावर तपकिरी डाग पडेपर्यंत ती पण बघायची.

तर मी इथं केला. कोल्ड स्टोरेजच्या मटणाच्या दुकानातून हॅम आणलं, मीठ जावं म्हणून कोमट पाण्यात भिजवून पिळून घेतलं. दूध पळीपळीनं दिलं. आणि आपला रोजचा चपातीचा तवा तापवून वर धरला. काही झालं नाही. तवा पातळ, गॅसवरून काढला की गार. चीज पांढरंच. पोरीनं बोट लावलं आणि फ्रॉकला पुसलं. हे एअरपोर्टची गाडी चालवतात, देवनहळ्ळीहून रात्रपाळी करून आले होते, त्यांनी तो पाव खाल्ला. म्हणाले, "चांगलाय. ओला आहे जरा. सर्दी झाल्यासारखा." मी हसले आणि मग मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी मी पलंगाखालून तो तवा काढला. तुमचा. वर्तमानपत्रात बांधून ठेवला होता. आमची एकच खोली आणि हे एवढंसं स्वयंपाकघर, देव फळीवर गॅसच्या डोक्याशी. मी देव उचलून बाहेर खिडकीत ठेवले, म्हटलं तुम्ही जरा बाहेर बसा, काम झालं की आणते. तवा तापला. पण तो जड, एका हातानं धरवेना, मनगट भाजलं. तुमच्याकडे अण्णा होता. मी खालून दोन विटा आणल्या. विटांच्या मध्ये पाव, विटांवर तवा. मग वाकून खाली बघितलं. चीज हलायला लागलं होतं. फुगलं, फुटलं, परत फुगलं, आणि मग ते डाग पडले, तुमचेच डाग, आणि जायफळाचा आणि लोण्याचा तोच वास. अप्पा, मी तिथं हात जोडले. देव बाहेर होते, तरी जोडले. वासानं खालच्या अक्का वर आल्या. "काय गं करतेस?" मी म्हटलं, "पाव भाजते." त्या म्हणाल्या, "एवढा वास पावाचा? सरी, असू दे, मला काय ते सांगू नकोस. तिला घाल."

पोरगी ओट्याशी उभी राहिली. मी एवढासा तुकडा दिला. तिनं चावला, थांबली, दम घेतला. मी घाई केली नाही. पितं का बघ, मग दुसरी. तिनं परत तोंड उघडलं. अर्धा पाव खायला तिला पाऊण तास लागला. मी तेवढा वेळ उभी होते, पाय दुखले ते नंतर कळलं. तेव्हापासून महिनाभर रोज देव बाहेर जातात आणि आत येतात. तिच्या मांडीला पहिल्यांदा घडी पडलीय. आंघोळ घालताना मी ती बोटानं उघडून बघते. तुम्ही गेलात तेरा वर्षांपूर्वी, आणि तुमच्या हातचं तिच्या अंगात मांस होऊन बसलंय. मला हे कुणाला सांगावं कळत नाही. म्हणून तुम्हाला.

आता जे सांगायचं ते सांगते. तुमचा तवा मी चोरला. माझं लग्न झालं तेव्हा ट्रंकेत साड्यांखाली घालून आणला. पुढे तुमच्या वर्षश्राद्धाला अण्णानं तो शोधला. त्याला तुमच्या तारखेला गच्चीवर सोमवारचा पाव करायचा होता. सगळं घर उलथं केलं. मग त्यानं वहिनीला विचारलं, "भंगारात दिलास?" ती म्हणाली, "मी हात सुद्धा लावला नाही हो त्याला." त्याला पटलं नाही. आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. मी तिथंच होते, शेंगा सोलत. मान वर केली नाही. तेव्हापासून मी त्या घरी जायला कचरते, काहीतरी निमित्त सांगते. पोरीच्या काळजाचं त्याला माहीत आहे, पण आज वजन आहे, दाखल करतील, हे मी कळवलेलं नाही. फोन तीनदा हातात घेतला. दाखल केलं तर आम्ही दोघं आत, बाहेर आमचं कुणी नाही. मला अण्णा तिथं हवाय.

दहा वाजत आले. तिला उठवते. पैंजण काढून ठेवते, खरं वजन कळू दे.

ही वही तव्यावर ठेवून जाते. अण्णाच्या जागी विटांनी महिनाभर भागवलं, अप्पा, आजचं भागणार नाही. हे किंवा आणखी कुणी कपडे न्यायला घरी येईल आणि हे वाचेल, तर माझ्या भावाला फोन करा. नंबर कॅलेंडरच्या मागच्या पानावर आहे. आधी सांगा की तवा माझ्याकडे आहे, वहिनीनं भंगारात दिला नव्हता. मग सांगा, ये म्हणून.