पावणेपाच

३ फेब्रुवारी

गाडीला गिऱ्हाईक आलं! दातांचे डॉक्टर आहेत, जुन्या गाड्यांचा नाद. बॉनेटवर हात फिरवत म्हणाले, "घेतो मी. फक्त मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो कळवा." मी मान डोलावली — जणू रोज सकाळी उठून मी रेशोच बघते!

बाबा खिडकीतून बघत होते. खाली आले नाहीत.

गाडी गेली की आई परत येईल. साधं गणित आहे. नोव्हेंबरात आजी अत्यवस्थ होती, बाबांनी हट्टाने हीच गाडी काढली आणि ही बया घाटात तापून बंद पडली. पाच तास! मामाच्या घरी पोचेपर्यंत आजी गेली होती. आई तिथेच राहिली. बाबांना एवढंच म्हणाली, "त्या घरात एक तर ती राहील, नाही तर मी." तीन महिने झाले.

४ फेब्रुवारी

गॅरेजच्या मिस्त्रींना फोन केला. रेशो म्हणजे मागची चाकं एकदा फिरायला इंजिनाकडून येणारा लांब शाफ्ट किती वेळा फिरतो ते. आकडा मोठा तर ओढ जास्त, पळ कमी. गाडीच्या पुस्तकात सापडलाही — ३.९. कळवून मोकळी होणार होते. मिस्त्री म्हणाले, "पुस्तकावर जाऊ नकोस ताई. स्वतः मोजून बघ."

५ फेब्रुवारी

रविवार. मोजलं. पुढच्या चाकांना विटा, गिअर न्यूट्रल, मागचं एक चाक जॅकवर. टायरवर खडूची रेघ, शाफ्टवर खडूची रेघ. चाक मोजून दहा फेरे फिरवलं. शाफ्ट फिरला पावणेचोवीस. म्हणजे एका फेऱ्याला अडीचसुद्धा नाही! अशी गाडी जगात नसणार. पुन्हा केलं, तेच. पाठ धरली, केसांत ग्रीस.

बाबा पेपरामागून म्हणाले, "दुसरं चाक जमिनीवर आहे ना? मग निम्मंच दिसणार. दुप्पट कर."

आधी नाही सांगायचं!

दुप्पट केलं. पावणेपाच. पुस्तकात तर चारही नाहीत. माझंच काहीतरी चुकतंय.

६ फेब्रुवारी

चुकत नाहीये.

७ फेब्रुवारी

ऑफिसला जायच्या आधी गाडीखाली सरपटले. अ‍ॅक्सलच्या मधल्या फुगीर डब्यावरची धूळ पुसली तर कोरलेले आकडे — ८, ३८. आतल्या दोन चाकांचे दात. अडतीसला आठने भागलं, पावणेपाच, बरोब्बर! पण बोल्ट कोरे करकरीत. गाडी तीस वर्षांची आणि बोल्ट कालचे!

मिस्त्रींनी आधी आढेवेढे घेतले. मग म्हणाले, "चढाचा आहे तो. सपाटीवर बोंबलेल, पण घाटात हात सोडणार नाही. मीच बसवला, रेडिएटरही नवा घातला. पुढचं बाबांना विचार." लबाड! म्हणूनच 'मोजून बघ'.

संध्याकाळी बाबा कांदा चिरत होते. आई गेल्यापासून शिकलेत.

"अ‍ॅक्सल बदललात?"

"हो."

"कशाला?"

"घाट आहे ना तिकडे."

"मग गेला का नाहीत?"

"पायथ्यापर्यंत गेलो होतो. दोनदा. वर काय तोंड दाखवू?"

"आणि मी गाडी विकायला काढली तेव्हा गप्प का बसलात?"

"तू म्हणालीस, गाडी गेली की ती येईल. म्हटलं, असेलही."

मला रागही आला आणि रडूही. चाळीस वर्षांत हा माणूस एकदा 'चुकलं' म्हणाला नाही, आणि तेवढ्यासाठी अख्खा अ‍ॅक्सल बदलला! म्हटलं, "अहो, बसने जायचं होतं!"

"बसने कोणीही जातं."

८ फेब्रुवारी

डॉक्टरांना फोन केला. कबूल केलं होतं, सांगणं भाग होतं. म्हटलं, "पावणेपाच." पलीकडे पुटपुटणं. मग — "पाच पॉइंट सात पाच? बापरे! मग तो ट्रॅक्टरच झाला की! नको, राहू दे."

पावणे-सव्वाशी कधी संबंधच आला नसावा बिचाऱ्यांचा. जन्मभर लोकांचे दात मोजले आणि इथे नेमके अडखळले! दुरुस्त करायला मी तोंड उघडलं होतं. मिटलं. "बरं," म्हटलं आणि फोन ठेवला. खोटं कुठे बोलले? पावणेपाचला पावणेपाचच म्हटलं.

बाबांना सांगितलं, गिऱ्हाईक गेलं. "हं," म्हणाले. थोड्या वेळाने बघते तर बुटांना पॉलिश चाललेलं.

१० फेब्रुवारी, सकाळ

उठले तर अंगणात गाडी नाही. ओट्यावर चिठ्ठी — 'दूध तापवलंय.' बस्स, एवढंच!

१० फेब्रुवारी, दुपार

आईचा फोन. तीन महिन्यांत पहिल्यांदा स्वतःहून. ना कशी आहेस, ना जेवलीस का. एकदम —

"काय गं, घाट उतरताना हिचे ब्रेक धरतील ना?"