आईला सुई कोणी टोचायची

तिसगाव, ५ फेब्रुवारी १९९६

प्रिय दादास,

प्रज्ञाचा सप्रेम जयभीम. सगळं ठीक आहे असं लिहायची सवय आहे, पण आज लिहवत नाही.

शुभाताई गेल्या आठवड्यात जामिनावर सुटून घरी आली. दोन पेशंटना तिनंच चुकीचं इंजेक्शन देऊन मारलं असा निकाल लागला, तरी अपील बाकी आहे, हे गावाला कोण सांगणार? पेपरात रोज वाद. बाजारतळावर अर्धे म्हणतात, डॉक्टर सुटला अन् नर्स अडकली. बाकीचे म्हणतात, कोर्ट काय येडं हाय व्हय.

खरी पंचाईत आईच्या इन्शुलिनची. कानिफनाथ कंपाउंडर रोज सकाळी येऊन टोचायचा. आता म्हणतो, ताई घरात असताना मी बाटलीला हात लावणार नाही, उद्या काही झालं तर मलाही आत टाकतील. त्याचा डॉक्टर काही बोलत नाही, पण चहापेक्षा किटली गरम. मी आईला रोज एसटीनं पाथर्डीला नेते. माझी शाळा बुडते, तिला चक्कर येते. आणि घरात शिकलेली नर्स बसून आहे. आई म्हणते, माझी लेकच टोचंल. ताई म्हणते, आधी प्रशांतला विचार. म्हणून विचारतेय.

वहिनींना जयभीम. माया आहे तशी राहू दे.

तुझी प्रज्ञा


पिंपरी, ९ फेब्रुवारी १९९६

चि. प्रज्ञास,

अनेक आशीर्वाद. पत्र वाचलं आणि जेवण गेलं नाही.

ताईला सुईला हात लावू देऊ नकोस. आला ना राग? तुझा तर कायम नाकाच्या शेंड्यावर. अगं, तिनं मला कडेवर घेऊन वाढवलं. ती असं करेल असं मला वाटत नाही. पण जज्जानं सगळ्यांचं ऐकून निकाल दिलाय, आणि मी एक दिवससुद्धा कोर्टात जाऊन बसलो नाही. माझा विश्वास खोटा निघाला तर आई परत मिळायची नाही. तू शिकून घे आणि तूच टोच. बाटली कुलपात ठेव. हे पत्र ताईला दाखवू नकोस.

आईला जप. माझ्यावर रुसलीस तरी पत्र पाठव.

तुझा दादा, प्रशांत


तिसगाव, १५ फेब्रुवारी १९९६

प्रिय दादास,

जयभीम. कुलूप लावलं नाही, लावणारही नाही.

तुझं पत्र लपवलं, पण त्याची गरज नव्हती. ते यायच्या आधीच ताईनं मला शिकवायला घेतलं होतं. ती उंबऱ्याजवळ दोन्ही हात मांडीवर ठेवून बसते आणि नुसतं तोंडानं सांगते. शेजारच्या विजयमालाकाकूंना रोज बोलावते. त्या बघत असल्याशिवाय मला बाटली काढू देत नाही. पहिल्या दिवशी आईनं ताईला, तूच टोच म्हणत, लई शिव्या घातल्या. आता मुकाट्यानं दंड पुढं करते. शुगर उतरली आहे, तेवढी काळजी सोड.

काल दुपारी आई तिला म्हणाली, सुई ऱ्हाऊ दे, डोस्क्याला त्याल तरी लाव. ताई उठली, वाटीत तेल घेतलं, आईच्या मागं जाऊन बसली. मग काकू आत्ताच घरी गेल्यात म्हणाली, अन् वाटी माझ्याकडं दिली.

दादा, रविवारी ये. तू समोर बसलास तर लावेल कदाचित.

वाट बघणारी,
प्रज्ञा