काळसर विंचू आधी वाळूत शिरतात

९ फेब्रुवारी २०२४, शुक्रवार
आले एकदाची म्हैसुरात! हिनकलमधलं छान बैठं घर, मागच्या अंगणात नारळ, आणि पुढची खोली माझ्या कामाला. घरमालक भुजंगराव आणि वनजाकाकू पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, पण घरात मराठी. माझे जैसलमेरचे विंचू पाहून काकू दारातच थबकल्या. "अय्यो, हे सगळे जिवंत? बेडा गं बाई, नको!" तरी कॉफी दिली.

१० फेब्रुवारी, शनिवार
हे वाळवंटी विंचू आजवर एकाच जातीचे मानले गेले. मला तीन जाती दिसतात: पिवळी, तांबूस, काळसर. त्यांच्या पोटाखालच्या कंगव्यासारख्या अवयवांचे दात तपासतेय. प्रत्येकाला वेगळा वाळूचा डबा, नाहीतर एकमेकांना खातील. जमिनीतला बारीकसा कंपही त्यांना कळतो. लगेच तिकडे तोंड करतात. काळसर सगळ्यांत भित्रे. मोठं जनावर जवळ आलं की वाळूत शिरतात.
संध्याकाळी सगळ्यांची तोंडं मागच्या अंगणाकडे. मेटगळ्ळीच्या कारखान्यांची यंत्रं असतील.

११ फेब्रुवारी, रविवार
कारखाने बंद. तोंडं तिकडेच. डबे फिरवून ठेवले, तर पुन्हा वळले. काळसर एकूण एक वाळूत. भुजंगरावांना सांगितलं. ते हसले. घूस असेल, उद्या बघतो म्हणाले.

१२ फेब्रुवारी
भुजंगराव सकाळी मागे गेले ते परतलेच नाहीत. नारळापाशी त्यांच्या चपला, भोवतीची माती भुसभुशीत. पोलीस येऊन गेले. चपला सोडून हे कुठं जातील, गोत्तिल्ला गं, काही कळत नाही, एवढंच काकू म्हणत राहिल्या.
ते अंगणात चालत होते तेव्हा विंचू त्यांच्याबरोबर वळत होते. मला वाटलं, त्यांच्या पावलांमुळे. पण पावलं थांबल्यावरही विंचू वळत राहिले — घराकडे.

१३ फेब्रुवारी, दुपार
पिवळेही वाळूत गेले. तांबूस स्वयंपाकघराकडे पाहतायत. काकू आत चालल्या की वळतात. थांबल्या की थांबतात. जमिनीखाली जे आहे ते पावलांमागून येतंय.
काकूंना ओढून माझ्या खोलीतल्या खाटेवर घेतलं. दोघी पाय वर घेऊन. दार समोर आहे, पण तिथवर चालावं लागेल. शेजारच्या मालोजीरावांना फोन केला. अंगणात पाय ठेवू नका, कुणालातरी बोलवा म्हटलं. घाबरू नको, आलोच म्हणाले.

फाटक वाजलं. तांबूस तिकडे वळले. मी ओरडतेय, थांबा, चालू नका — त्यांना वाटतंय मी बोलावतेय — धावत —

त्यांची हाक अर्ध्यात तुटली.

काकू हात ओढतायत. ओडु, पळ, ते तिकडे आहे तोवर. विंचू फाटकाकडेच आहेत. अजून तिकडेच. उतरते —
नाही. विंचू वळ—