तारप्याला तोंड लावायचं नाही

शुक्रवार, संध्याकाळ

सात तारपे, घराचा कूड, दोन नांगर, अंगणातला झोपाळा. सगळं माझ्या हातचं, कुणी शिकवलं नाही. तारपा वाजवायलाही माझा मीच शिकलो.

गेल्या नाचात तारप्याच्या भोपळ्याचं मेण सुटलं, सूर फाटला. नाचणारे गोल फिरत असताना वाजवणारा थांबत नाही, म्हणून मी आणखी जोरात फुंकलं. छातीत कळ आली, मान सुजली. बोट दाबलं की कातडीखाली कुरकुर वाजायची. डॉक्टर म्हणाले, फुप्फुस फुटून हवा छातीत आणि कातडीखाली शिरली. बरगड्यांतून नळी घालून काढली. आता फुंकणं कायमचं बंद.

आज पलीकडच्या पाड्यावर कोणीतरी वाजवत होतं, फार घाईघाईत. माझे गाल आपोआप फुगले. बायकोने पाहिलंच. "तुमी नुसतं ऐका. परत छाती फुटली तर मी नाय येणार बोईसरच्या दवाखान्यात."

मानेवर बोट दाबून पाहिलं. कुरकुर नाही. मग एकदाच, हळू फुंकलं तर?

दुपारी चिंचणीचा रिसॉर्टवाला आला होता. "काका, फुंकू नका. तारपा नुसता तोंडाला लावून पाहुण्यांसमोर उभे राहा, आवाज स्पीकरवर सोडतो." मी नाही म्हटलं. एका संध्याकाळचे तीन हजार देत होता.