माझ्या उंचीचा ओटा

५ नोव्हेंबर, लातूर
मधली भिंत पाडली. स्वयंपाकघर अन् हॉल एक झाले. कंधारचे रशीद मिस्त्री आलेत. सागवानाचं सगळं हातानंच करतात. टेप सोडत म्हणाले, "किती मानसांचा सयपाक, बाई?"
एका.
त्यांनी पुन्हा विचारलं.

८ नोव्हें.
मिस्त्रींनी मला मोकळ्या जागेत उभं करून पोळी लाटायचा हात करायला लावला. हवेत लाटलं. कोपराखाली चार बोटं, तिथं पेन्सिलीची खूण.
अठ्ठावन्न वय. नांदेडला दादाकडं, शाळेतली नोकरी सांभाळून तीस वर्षं स्वयंपाक केला. ओटा वहिनीच्या उंचीचा. खांदे दुखायचे. वाटायचं, दुखतातच.
निवृत्त झाल्यावर लातूरला फ्लॅट घेतला. आमचं गाव मुरुड जवळ म्हणून. दुसरं कारण, नांदेड नाही म्हणून.

१३ नोव्हें.
ओट्याचं तोंड हॉलकडं हवं, सांगितलं. दार दिसलं पाहिजे. तशी बेल अजून कुणी...
भात आजही जास्तीच झाला.

१९ नोव्हें.
खण खाचेत खाच घालून जोडलेत. एक खिळा न्हाई, मिस्त्री म्हणतात. दिवसभर रंधा चालतो, बरं वाटतं. सहाला मिस्त्री जातात. मग भुसा झाडते, मुद्दाम हळूहळू.

२२ नोव्हें.
दादाचा फोन. तीन महिन्यांत पहिला. "सुमे, वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. इकडं येऊन राहा. तुझं किचन काय पळून चाललंय?"
कशी आहेस, विचारलं नाही. तरी कुणाला तरी आपण लागतो म्हणून जीव हलका झाला. त्याचीच लाज वाटली.

२६ नोव्हें.
ओटा बसला. "उभं राहून बघा बाई." खांदा उचलावा लागला नाही. रडू आलं. मिस्त्री उगाच खिडकीचं माप घेत राहिले.
काम संपलं. उद्यापासून कुणी नाही.

२९ नोव्हें.
दादा स्वतः आलाय न्यायला. मी ओट्याच्या इकडून चहा टाकला. आयुष्यभर त्याला चहा दिला, पण चहाची वाट बघताना कधी पाहिलंच नव्हतं. गुडघ्यांवर हात ठेवून बसतो. मान बारीक झालीय.
म्हणाला, "साडेचारची बस हाय."
म्हटलं, "दोन महिने. मग मला हितं आणून सोडायचं. तू स्वतः."
"साखर कमी पडली गं," म्हणाला.
साखर दिली. आता तो बाल्कनीत उभा आहे; 'आणून सोडतो' हे अजून ऐकायचंय. पावणेचार झालेत. बॅगेत दोन साड्या टाकल्यात. तिसरी मांडीवर घेऊन हे लिहितेय.