कॅसेटची पट्टी तोडायची राहिली

सौंसर, शनिवार, १४ नोव्हेंबर १९८७

आम्ही कापसाच्या जिनिंगमधल्या चौघांनी नागपूरच्या स्टुडिओत भरलेली कॅसेट! आमच्याच मशीनचा खडखडाट, लोखंडी ड्रम, अन् त्यावर गाणी. आज बसस्टँडवरच्या कॅसेटवाल्या दिनकरभाऊले विकायला दिली. त्यानं गिऱ्हाइकांसमोर एक गाणं वाजवलं अन् म्हणे, "याच्यावर भजनं भरतो, कामी तरी येईन." अन् टेपचं रेकॉर्डिंगचं लाल बटन दाबलंच! मी कॅसेट हिसकून घेतली.

चूक माझीच. कोणी पुसू नये म्हणून कॅसेटच्या मागची प्लास्टिकची पट्टी तोडतात. मी का नाही तोडली?

घरी लावून पाहिली. दुसऱ्या गाण्याची सुरुवात पुसली गेली होती. त्या जागी टेपच्या माइकमधून दिनकरभाऊच भरला गेला होता: "हे गाणं हाये का मशीन बिघडली बे?" मग सगळ्यांचं हसणं, अन् लगेच आमची मशीन धडाडते.

ड्रमवाला रमेश म्हणे, "पुन्हा लाव." दहादा लावली. काय जमून राहिलं!

आता हीच कॅसेट मोहगावच्या बाजारात भोंग्यावर वाजवू. प्रत्येक कॉपीत दिनकरभाऊ बोलणार, अन् त्याच्यावर आमची मशीन चालणार. हसा म्हणा आता.

पट्टी मी आत्ताच तोडली.